अर्घ, धारण आणि निरख

मराठींत 'सवंग' आणि 'महाग' असे दोन शब्द आहेत. पैकीं 'महाग' हा अजून सर्वांच्या तोंडीं आहे. 'सवंग' मात्र हल्लीं बाजारांतून उठून टीकाकारांच्या लेखणींत जाऊन बसला आहे व तेथें त्याचा अर्थ 'उथळ' असा होऊं लागला आहे. पहिल्याचें मूळ संस्कृत 'समर्घ', दुसऱ्याचें 'महार्घ'. दोहोंच्या पोटांत 'अर्घ' हा एकच शब्द आहे आणि त्याचा अर्थ मोल. देवास किंवा अतिथीस द्यावयाचें 'अर्घ्य' हेंही त्याच कुळांतलें. ज्याचें मोल जाणावयाचें त्यास तें द्यावयाचें. धर्मशास्त्रांत 'अर्घ' हा पारिभाषिक शब्द असून मालाचा ठरविलेला दर असा त्याचा अर्थ आहे. मराठीच्या व्यवहारांतून तो नाहींसा झाला. त्याच्या जागीं 'धारण', 'भाव' व 'दर' हे शब्द आले, आणि दरबारी कागदांत फारसी 'निरख' आला. तथापि सवंग-महाग म्हणतांना आपण सर्वजण नकळत त्या जुन्या अर्घाचाच उच्चार करीत असतों.

ह्या शब्दाकडे आमचें लक्ष पुन्हा वळण्याचें कारण एका चुकींत आहे, व ती चूक आमची स्वतःची आहे. कांहीं महिन्यांपूर्वीं स्नेही मंडळींच्या बैठकींत शेतकऱ्यांच्या आठवडे बाजाराची गोष्ट निघाली. शेतकरी आपला माल स्वतः शहरांत आणून विकतो, तर त्यानें त्याचें मोल कसें व कोणत्या आधारावर ठरवावें, असा प्रश्न होता. एका स्नेह्यानें याज्ञवल्क्यस्मृतींतील एक श्लोक म्हटला व आपल्या पूर्वजांनीं शेतकऱ्यास रास्त मोलाची हमी पूर्वींच दिली होती, असें मोठ्या अभिमानानें सांगितलें. आम्ही मान डोलावली. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां आम्हींही हा श्लोक त्याच अर्थानें कितीदां तरी सांगितला होता. घरीं आल्यावर सहज मिताक्षरा उघडली आणि ध्यानांत आलें कीं, इतकीं वर्षें आम्हीं मूळ श्लोक शिकविला, पण त्यावरची टीका कधीं नीट वाचलीच नाहीं. प्रस्तुत लेख हें त्या चुकीचें प्रायश्चित्त समजावें.

याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांत अर्घाविषयींचे श्लोक एका जागीं आहेत (२४९ ते २५३). त्यांचा आशय असा. दर चढला कीं उतरला हें ठाऊक असूनही जे व्यापारी एकजूट करून कारागिरांस जाचेल असा दर लादतील त्यांस उत्तम साहसाचा, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचा दंड करावा. जे एकत्र होऊन माल अयोग्य दरानें अडवून धरतील किंवा तसा विकतील त्यांसही तोच दंड. राजाच्या देखत जो दर बसेल त्यानेंच रोजची खरेदीविक्री व्हावी. स्वदेशच्या मालावर व्यापाऱ्यानें शेंकडा पांच व परदेशच्या मालावर शेंकडा दहा नफा घ्यावा, तोही माल ताबडतोब विकला जात असेल तर. आणि शेवटीं तो प्रसिद्ध श्लोक : मालाच्या मूळ किंमतीवर त्यास लागलेला खर्च चढवून असा अर्घ करावा कीं, तो घेणारा व विकणारा ह्या दोघांसही अनुग्रह करणारा होईल.

'दोघांसही अनुग्रह करणारा' हें पद खरोखर सुंदर आहे. आमचा स्नेही भुलला तो ह्या पदास, व आम्ही भुललों तेही ह्याच पदास. परंतु येथील 'विकणारा' कोण ? विज्ञानेश्वरानें ह्याचें उत्तर स्वच्छ दिलें आहे. तो म्हणतो कीं, हा श्लोक देशांतराहून आणलेल्या मालाविषयीं आहे. परदेशीं जाणें, परत येणें, माल भरण्याचीं भांडीं घेणें, शुल्क वगैरे ठिकाणीं जो पैसा लागला तो सर्व मोजावा, तो मालाच्या मूळ किंमतींत मिळवावा, आणि शंभर पणांस दहा पण नफा पडेल अशा बेतानें राजानें दर बसवावा. म्हणजे येथील विक्रेता हा तांडे घेऊन देशोदेशीं हिंडणारा वाणी आहे. नांगर धरणारा कुणबी त्यांत कोठेंच नाहीं.

ही टीका कोठल्या दूरच्या देशांत झालेली नव्हे. विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या (राज्यकाल १०७६ ते ११२६) पदरचा पंडित. त्याच स्मृतीवर पुढें उत्तर कोंकणचा शिलाहार राजा अपरादित्य ह्यानें आपली विस्तृत टीका लिहिली. तेव्हां याज्ञवल्क्याचा धर्म आपल्याकडे कसा समजला जात होता हें पाहावयाचें तर ह्या टीकांकडेच गेलें पाहिजे. केवळ मूळ श्लोकाच्या नादमाधुर्यावर इतिहास उभा करतां येत नाहीं.

एक गोष्ट मात्र विज्ञानेश्वराच्या बाजूनें सांगितली पाहिजे. माल अडविणाऱ्यांस दंड सांगणाऱ्या श्लोकाचा अर्थ लावतांना त्यानें 'अयोग्य दर' ह्याच्या दोन्ही बाजू धरल्या आहेत. बाहेरून आलेला माल एकजुटीनें पडत्या किंमतीस मागून कोंडून धरणें हा एक गुन्हा, व तोच चढ्या किंमतीस विकणें हा दुसरा. माल घेऊन आलेल्या माणसास गांवच्या व्यापाऱ्यांनीं घेरून पाडून मागणें ही गोष्ट त्यास ठाऊक होती व ती त्यास दंडनीय वाटत होती. अशा पाडून मागण्याची झळ शेतकऱ्याइतकी कोणास लागत असेल ? तरीही श्लोकांत नांवानें संरक्षण आहे तें कारागिरांस. कर्षकाचें नांव नाहीं.

मनूच्या आठव्या अध्यायांत (श्लोक ४०१ ते ४०३) हाच विषय थोडक्यांत आला आहे. माल कोठून आला, कोठें जावयाचा, किती दिवस ठेवावा लागला, त्यांत वाढ किती व घट किती, ह्या सर्वांचा विचार करून खरेदीविक्रीचे दर ठरवावे. पांच दिवसांनीं किंवा पंधरवड्यानें राजानें ते व्यापाऱ्यांच्या समक्ष बसवावे. मापें व वजनें दर सहा महिन्यांनीं तपासावीं. ही यादी वाचकांनीं पुन्हा एकदां पाहावी. येणें, जाणें, ठेवणें, वाढणें, घटणें हे सर्व माल तयार झाल्यानंतरचे खर्च आहेत. बीं, बैल, खत, पाण्याची पाळी, खुरपणी, राखण ह्यांचा खर्च कोणत्याच पदांत बसत नाहीं. माल जणूं कोठून तरी आपोआप 'आला', आणि तेथून पुढें हिशोब सुरू झाला.

कोणी म्हणेल कीं, त्या काळीं कुणबी आपला माल स्वतः विकीतच नसेल, मग स्मृतिकारांनीं त्याचा विचार कां करावा ? ह्या शंकेचें उत्तर कौटिल्यांत आहे, आणि तें मोठें चमत्कारिक आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी श्यामशास्त्री यांनीं सन १९०९ त छापून प्रसिद्ध केली, व पुढें प्रा. कंगले यांनीं मुंबई विद्यापीठातर्फे तिची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. तिच्या दुसऱ्या अधिकरणांत शुल्काच्या प्रकरणीं एक नियम आहे : माल जेथें उत्पन्न होतो त्या जागीं तो विकूं नये. पुढें दंड दिले आहेत. खाणीवरून धातूचा माल परस्पर उचलल्यास ६०० पण; फुलांच्या व फळांच्या बागेंतून फुलें-फळें उचलल्यास ५४ पण; भाजीच्या मळ्यांतून भाजी, मुळें व कंद उचलल्यास पावणेबावन पण; शेतांतून कोणतेंही पीक उचलल्यास ५३ पण. ज्या अर्थीं मळ्यांत जाऊन भाजी घेण्यास पावणेबावन पणांचा दंड नेमून ठेवावा लागला, त्या अर्थीं लोक मळ्यांत जाऊन भाजी घेत होते. कोणी करीतच नाहीं अशा गोष्टीस पाव पणापर्यंत मोजून दंड ठेवण्याची तसदी राज्यकर्ते घेत नाहींत. तेव्हां कुणबी, माळी व घेणारा ह्यांची प्रत्यक्ष गांठ पडत होती हें निश्चित. राज्यास ती नको होती.

कां नको होती, हें त्याच्या अगोदरचें प्रकरण वाचलें म्हणजे कळतें. नगराच्या वेशीपाशीं शुल्कशाला असावी, तिच्यावर ध्वज उभारावा, आणि माल आणणाऱ्यांनीं त्या ध्वजाखालीं उभें राहून मालाचें माप व मोल सांगून 'घेणारा कोण' असा तीन वेळां पुकारा करावा. मागेल त्यास माल द्यावा. घेणाऱ्यांत चढाओढ होऊन मोल वाढलें तर ती वाढ शुल्कासह राजाच्या कोशांत जावी. भाजी, फळें, फुलें, कंद वगैरे बाहेरून नगरांत येत त्यांवर सहावा हिस्सा शुल्क होतें. मळ्यांत विक्री झाली तर हा सहावा हिस्साही बुडाला आणि चढाओढीचा लाभही गेला. पुकारा उघड होता, माप उघड होतें, ह्यांत संशय नाहीं. आणि ह्या उघडेपणाची थोरवी पुढें रुमालाचें प्रकरण येईल तेथें कळेल. परंतु लिलांवांत चढलेल्या किंमतीचा मालक विकणारा नव्हता, ही गोष्ट कौटिल्याची स्तुति करणाऱ्या आधुनिक लेखकांनीं बहुधा नजरेआड केली आहे.

आमच्या सिद्धान्ताविरुद्ध जाणारें एक वचन कौटिल्यांतच आहे, तें झांकून ठेवणें बरें नव्हे. चौथ्या अधिकरणांत देशानें किंवा काळानें दूर असलेल्या मालाचा अर्घ बसविण्यासाठीं ज्या गोष्टी मोजावयास सांगितल्या आहेत त्यांत घातलेलें भांडवल, शुल्क, व्याज, भाडें व इतर खर्च ह्यांबरोबर 'पण्यनिष्पत्ति' हें एक पद आहे. ह्याचा अर्थ मालाची निपज. निपज किती झाली हें मोजावयाचें, कीं निपजीस काय लागलें हें मोजावयाचें ? पहिला अर्थ घेतला तर हा केवळ आमदनीचा अंदाज होतो. दुसरा घेतला तर शेतांतल्या खर्चाचा उल्लेख ह्या एका शब्दांत सांपडतो. आमचा कल पहिल्या अर्थाकडे आहे, कारण खर्चासाठीं त्याच श्लोकांत निराळें पद आहे. परंतु दुसरा अर्थ व्याकरणाच्या दृष्टीनें अशक्य नाहीं, आणि कोणी तो सिद्ध करून दाखवील तर आम्हांस आनंदच होईल.

कौटिल्याच्या उलट टोंकास दिल्लीचा अलाउद्दीन खिलजी (राज्यकाल १२९६ ते १३१६) उभा आहे. बरनीच्या तवारिखेंत त्याचे दर दिले आहेत : मणास गहूं साडेसात जितल, जव चार, तांदूळ पांच, हरभरा पांच. त्यासाठीं त्यानें मंडीवर अधिकारी नेमला, धान्य वाहणाऱ्या तांड्यांस यमुनेच्या कांठीं आणून बसविलें, आणि शेतकऱ्यानें धान्य घरीं न नेतां शेताच्या बांधावरच ठरल्या दरानें तांडेवाल्यांस विकावें असा बंदोबस्त केला. एकानें शेतांत विकण्यास दंड ठेवला, दुसऱ्यानें शेतांतच विकावयास लाविलें. दोहोंत साम्य एवढेंच कीं, विकणाऱ्यास कोणीं विचारलें नाहीं. अलाउद्दीनाच्या मागें त्याचे नियम टिकले नाहींत.

आतां आपल्या कागदांकडे वळूं. मराठी दप्तरांत धान्याच्या मोलास 'धारण' हा शब्द आढळतो. धारण चढली, धारण उतरली, धारण बसली, असे प्रयोग आहेत. येथें संग्राहक मित्रांस एक सूचना द्यावीशी वाटते. जुन्या कागदांत धारण बहुधा उलटी लिहिलेली असते. अमक्या मापास इतके रुपये असें न लिहितां रुपयास इतके शेर, इतक्या पायल्या, असें लिहिलेलें असतें. आंकडा मोठा तर स्वस्ताई, लहान तर महर्गता. नवशिक्या संशोधकाची येथें हटकून फसगत होते. उदाहरणार्थ, धारण रुपयास वीस शेरांवरून सोळा शेरांवर आली असें मानूं. माल पांचव्या हिश्शानें कमी मिळाला, परंतु मोल चौथ्या हिश्शानें चढलें. हा भेद न कळल्यामुळें चुकलेलीं कोष्टकें आम्हीं पाहिलीं आहेत. शिवाय शेर हा मापाचा कीं वजनाचा, आणि कोणत्या गांवचा, हें ठरविल्यावांचून दोन पेठांच्या धारणींची तुलना करूं नये.

धारण उलटी कां लिहीत ह्याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, ती घेणाराच्या बाजूनें लिहिलेली आहे. रुपया ज्याच्या हातांत आहे तो विचारतो, ह्या एका रुपयास किती दाणे येतील ? पोतें ज्याच्या पाठीवर आहे त्याचा प्रश्न निराळा असतो, ह्या पोत्याचे किती रुपये होतील ? दप्तर शिबंदीस दाणे पुरविणाराचें, तेव्हां त्यांत पहिलाच प्रश्न नोंदला गेला.

निरखाचेंही तसेंच. पेशवाईंत पुण्याच्या कोतवालाकडे तंटे, खानेसुमारी, घरांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी वगैरे कामांबरोबर जिनसांचे निरख ठरविण्याचें काम होतें. पेठेचे शेटे व महाजन वतनदार होते. माल भरला तेथें थळभरीत, मोडला तेथें थळमोड, अशी जकात असे. धान्याच्या राशींत हात घालून घेतलेली मूठ म्हणजे फसकी, तिचे हक्कदार निराळे. निरख ठरविणारे सारे ह्या बाजूचे. कुणब्यानें पेठेंत पाऊल ठेवल्यापासून पाटी रिकामी होईपर्यंत किती हातांनीं त्या पाटींतून उचललें ह्याचा हिशोब एकत्र मांडून पाहण्यासारखा आहे.

ह्या सर्व पसाऱ्यांत शिवछत्रपतींचीं दोन पत्रें वेगळीं उठून दिसतात. दोन्हीं सुप्रसिद्ध असल्यामुळें येथें उतारे देत नाहीं. पहिलें चिपळूणच्या मुक्कामीं असलेल्या पायदळ व पागेच्या अंमलदारांस लिहिलेलें, राज्याभिषेकापूर्वींचें. दाणा, गवत, फाटीं, भाजीपाला जें लागेल तें बाजारांतून 'रास' विकत आणावें, कोणावर जुलूम करूं नये, अशी त्यांत आज्ञा आहे. ह्या 'रास' शब्दाचा संबंध कोणी खळ्यावरच्या राशीशीं, म्हणजे संस्कृत 'राशि' शब्दाशीं जोडूं पाहील. आमच्या मतें तो फारसी 'रास्त' होय, आणि आजच्या 'रास्त भाव' ह्या प्रयोगाचा तो पूर्वज आहे. राजानें दर बसविल्याचा ह्या पत्रांत उल्लेख नाहीं. बाजारांत जें मोल चाललें असेल तें सरकारी शिपायानेंही द्यावें, एवढेंच सांगितलें आहे. शस्त्रधारी गिऱ्हाईक समोर असतां भाजीवाल्यास आपला भाव बोलतां येणें ही थोडी गोष्ट नव्हे.

दुसरें पत्र ५ सप्टेंबर १६७६ चें, प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस. रयतेकडून वसूल जिनसांत घ्यावा, तो जतन करून ठेवावा, आणि जो जिन्नस ज्या हंगामांत चांगल्या मोलास जाईल त्या वेळीं विकावा. मात्र ठेवतां ठेवतां माल नासूं देऊं नये, असा त्याचा भाव आहे. येथें सरकार स्वतःच शेतमालाचा विक्रेता झालें आहे, आणि विक्रेत्याच्या जागीं उभें राहतांच तें शेतकऱ्यासारखें बोलूं लागलें आहे. मोल हें मालांत नसून वेळेंत आहे, हंगामाच्या तोंडीं विकणारा नागवला जातो, हें ज्ञान ह्या पत्रांत स्पष्ट आहे. कोठाराचें बळ असल्यामुळें सरकारास थांबतां येत होतें. कुणब्यास थांबतां येत नाहीं, आणि भाजीच्या पाटीस तर संध्याकाळपर्यंतच आयुष्य असतें.

इंग्रजी अमदानींत वऱ्हाड-खानदेशांत कापूस पिकूं लागला तसा मोल ठरविण्याचा एक जुना प्रकार मोठ्या व्यापारास लागला, तो 'हत्ता'. घेणारा व अडत्या समोरासमोर उभे राहत, हातांवर रुमाल किंवा उपरण्याचा पदर पडे, आणि त्याखालीं एकमेकांचीं बोटें दाबून दर ठरे. तोंडानें शब्द नाहीं. गाडीचा धनी दोन हातांवर उभा. त्याला हलणारें वस्त्र तेवढें दिसे. आपल्या वर्षभराच्या घामाचें काय झालें हें त्यास अडत्या मागाहून सांगेल तें खरें. त्यांतून अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय व कडता निघून जाई. गुरांच्या बाजारांत हा रुमाल आम्हीं लहानपणीं स्वतः पाहिला आहे, व त्या वेळीं ती एक गंमत वाटली होती. कौटिल्याच्या ध्वजाखालीं चढलेली किंमत विकणाऱ्यास मिळत नसे, पण ऐकूं तरी येत असे. रुमालाखालीं तीही सोय राहिली नाहीं.

सन १८८६ ह्या एकाच वर्षीं महाराष्ट्रांत दोन बाजार उभे राहिले. वऱ्हाडांत कारंजा येथें हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमान्वयें नियमबद्ध कापूस बाजार सुरू झाला. हिंदुस्थानांतील नियंत्रित बाजारांत तो पहिला. त्याच वर्षीं पुण्यास शनिवारवाड्यापुढील उघड्या पटांगणांतली भाजी उठून रे मार्केटच्या दगडी इमारतींत गेली. तीच हल्लींची महात्मा फुले मंडई. ज्योतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद असतां त्यांनीं ह्या मंडईवरील खर्चास विरोध केला होता, आणि पुढें इमारतीस नांव त्यांचेंच मिळालें, हा काळाचा विनोद. तीन वर्षें अगोदर, सन १८८३ त, 'शेतकऱ्याचा असूड' लिहितांना त्यांनीं गाडीभर माळवें शहरांत आणणाऱ्या शेतकऱ्याची दशा वर्णिली आहे. दलाल व म्युनिसिपालिटीची जकात ह्यांत सारी किंमत जाते व गाडीभाडें अंगावर पडतें, असें ते सांगतात. आम्हीं वर ज्या यादीची उणीव दाखविली, त्या यादीची दुसरी बाजू मराठींत इतक्या परखडपणें त्यापूर्वीं कोणी मांडल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. मनूनें येणें-जाणें मोजलें तें वाण्याचें. फुल्यांनीं मोजलें तें कुणब्याचें.

पुढील कायद्यांचा इतिहास बहुतेकांस ठाऊक आहे. वऱ्हाडचा १८९७ चा कायदा, मुंबई इलाख्याचा १९२७ चा कापूस बाजाराचा कायदा, १९२८ त शाही शेतकी कमिशनची शिफारस, १९३९ चा शेतमाल बाजारांचा कायदा व महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा. ह्यांनीं रुमाल काढला, लिलांव उघड केला, वजन उघड केलें, व बाजार समितींत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींस बहुमत दिलें. हें उपकार लहान नाहींत. परंतु त्याबरोबर बाजाराच्या आवाराबाहेर घाऊक विक्री करूं नये हा कौटिल्याचा नियमही परत आला, आणि त्याची आठवण कोणास झाल्याचें दिसलें नाहीं. पीक काढण्यास येणारा खर्च मोलाच्या हिशोबांत घेण्याची सरकारी व्यवस्था १९६५ त कृषिमूल्य आयोग नेमला गेला तेव्हां रुळली. 'निष्पत्ति' शब्दाचा दुसरा अर्थ तेव्हां खरा झाला म्हणावयाचा. पण ती आधारभूत किंमत धान्यें, कडधान्यें, तेलबिया, कापूस अशा पिकांस आहे. मेथीच्या जुडीस ती नाहीं. सन २०१६ त महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून मोकळा केला व त्याच वर्षीं अरणच्या सांवता माळ्याच्या नांवानें शेतकरी आठवडे बाजारांची योजना निघाली. मळ्यांतील भाजीवरचा पावणेबावन पणांचा दंड शेवटीं माफ झाला.

आमच्या घराजवळ आठवड्यांतून एकदां असा बाजार भरतो. बैठकींतल्या वादानंतर आम्हीं तेथें जाऊन एका बाईस विचारलें, "बाई, हा भाव तुम्ही कसा धरलात ?" ती हंसली. म्हणाली, "सकाळीं पोरगा फोनवर मार्केटांतला लिलांवाचा भाव सांगतो. कोपऱ्यावरचा गाडीवाला काय भावानें देतो तें येतां येतां बघायचं. दोहोंच्या मधला धरायचा. शेजारणीनं उतरवला कीं आपणही उतरवायचा." आम्हीं विचारलें, "आणि बियाणें, औषध, मजुरी ?" त्यावर ती म्हणाली, "तें धरलं तर कोण घेईल, मास्तर ? तें घरीं गेल्यावर मोजायचं." स्मृतिकारांनीं जें मोजलें नाहीं तें मोजतां येतें हें तिला ठाऊक आहे, पण बाजारांत तें उच्चारतां येत नाहीं. तरी एक फरक पडला आहे : मधला भाव कोणता हें तिचें तिनें ठरविलें, व तो तिच्या तोंडून निघाला.

आणखी एक गोष्ट तेथें दिसली. दिवस कलूं लागला तसा जुडीचा भाव तिनें बदलला नाहीं. दहा रुपये ते दहाच राहिले. दहास एक होती त्या जागीं दीड, मग दोन जुड्या ती देऊं लागली. बटाट्याच्या व वांग्यांच्या वाट्यांचेंही तसेंच. पैसा स्थिर, ढीग लहानमोठा. जुन्या दप्तरांतील उलट्या धारणीचें कारण आम्हीं वर घेणाराच्या बाजूस लावलें. हें पाहिल्यावर तो तर्क थोडा ढिला पडतो. कदाचित् सुटें नाणें दुर्मिळ असलेल्या बाजारांत विकणाऱ्यांचीही हीच रीत असेल, आणि दप्तरदारानें ती जशी ऐकली तशी टिपली असेल.

ह्याचा निकाल लावण्यास साधन लागेल तें मोठ्या दप्तरांत सांपडण्याची आशा कमी. वतनाचे महजर, सनदा व राजपत्रें आपण जपतों; घरखर्चाचीं टिपणें, बाजारहाटाच्या यादी, पोथीच्या मागल्या कोऱ्या पानावर कोणीं खरडलेला भाजीचा हिशोब हीं आपण पोथी शिवतांना बहुधा काढून टाकतों. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते फेंकूं नयेत, आणि त्यांत धारण कोणत्या बाजूनें लिहिली आहे, दिवस बाजाराचा होता कीं आडवाराचा, माप कोणतें, व विकणाराचें नांव किंवा जात नोंदली आहे कीं नाहीं, एवढें टिपून ठेवावें. आमच्याजवळच्या रुमालांत असे सात-आठ तुकडे आहेत. ते लावून होतांच त्यांचें वाचन पुढील एखाद्या अंकांत सादर करूं.